'बरी'चे दोन गुण

आमोदने रिपोर्टचं शेवटचं पान माझ्या स्क्रीनवर उघडलं, एका वाक्यावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "एवढं एकदा बघून घे, ओवी. खाली नाव तुझं जाणार आहे."

वाक्य असं होतं: 'पुण्यातील ग्राहकांनी ख हे मॉडेल स्पष्टपणे नाकारले आहे.'

"स्पष्टपणे?" मी विचारलं.

"सरासरी बघ. क चारच्या आसपास, ख अडीचच्याही खाली. आणि शेरे बघ. ख वर नुसत्या तक्रारी. क वर एक नाही."

"एकही नाही, हे तुला विचित्र वाटत नाही?"

"मला ते सोपं वाटतं," आमोद म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

मला त्या 'स्पष्टपणे'चा राग आला. लोकांना विचारत मी स्वतः फिरले होते, आणि मला तरी काही स्पष्ट ऐकू आलं नव्हतं.

आमचं ऑफिस खराडीत. लोकांना काय हवंय ते लोकांना विचारायचं आणि कंपन्यांना सांगायचं, हा आमचा धंदा. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय, मला घेतलं ते आकड्यांसाठी. आमोद माझा वरिष्ठ. या वेळचं गिऱ्हाईक होतं भीमथडी मोटर्स. पुण्यात जुन्या घरांत जी पहिली गाडी आली ती बऱ्याचदा भीमथडीची असायची. आता त्या कंपनीची हालत खराब आहे. गेल्या काही वर्षांत तिने जे काढलं ते शोरूममध्येच उभं राहिलं, आणि आता एकच नवी गाडी बाजारात आणण्याइतकी ताकद तिच्यात उरली आहे. तयार मात्र दोन आहेत. क म्हणजे उंच, रुंद, समोरून बघितलं तर कुणावर तरी चिडल्यासारखी दिसणारी एसयूव्ही. ख म्हणजे आखूड नाकाची, सरळ पाठीची गाडी. सात माणसं बसतील, किंवा मागच्या सीट दुमडल्या तर घरातलं अर्धं सामान जाईल अशी. यातली एक कंपनीला तारेल, दुसरी बुडवेल. कुठली, हे आम्ही सांगायचं होतं.

त्यासाठी मार्केट यार्डच्या मागचं एक मंगल कार्यालय घेतलं. अधिक महिना होता, लग्नं नव्हती, कार्यालय रिकामंच होतं. जिथे वधूवरांच्या खुर्च्या मांडतात त्या स्टेजसमोर दोन्ही गाड्या उभ्या केल्या, नावं आणि चिन्हं काळ्या चिकटपट्टीने झाकली. येणाऱ्यांचे मोबाईल दारात जमा. गाड्या बघायच्या, आत बसायचं, आणि मग आमच्यापैकी कोणीतरी विचारायचं: कशी वाटली? उत्तर ऐकून टॅबवर खूण करायची. अप्रतिम, छान, चांगली, बरी, वाईट. अप्रतिमला पाच गुण, छानला चार, चांगलीला तीन, बरीला दोन, वाईटला एक. इंग्रजी प्रश्नावलीचं हे मराठी दिल्लीहून करून आलं होतं. आमोदने वाचून मंजूर केलं होतं.

पहिल्या दिवशी श्यामला केतकर आल्या होत्या. ख ही गाडी त्यांनी बनवली, म्हणजे ज्या चमूने बनवली त्याच्या त्या प्रमुख. पन्नाशी उलटलेली, सुती साडी, पायात कारखान्यातले जाड बूट. गाडी बनवणाऱ्याने लोकांपुढे जायचं नाही असा नियम असतो, म्हणून त्या जेवणाच्या हॉलमध्ये एकट्याच बसून होत्या. मी पाणी घेऊन गेले.

"आकडे तुम्ही बघणार?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"मग एक करा. लोक डब्याला नाही म्हणाले, तर मी गपचूप घरी जाईन. कुरकूर करणार नाही. पण त्यांना नीट विचारा."

"डब्याला?"

"ख ला हो. आमच्या वर्कशॉपमध्ये तिला डबाच म्हणतात. मीच ठेवलंय नाव." त्या पाणी प्यायल्या. "उगाच लाडाची नावं ठेवायची मला सवय नाही."

तेव्हा ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

कार्यालयातले दोन जण मला अजून आठवतात. एक कोंडीराम, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा असलेले, मांजरी गावचे. क भोवती त्यांनी हात मागे बांधून एक चक्कर मारली. "छान हाय की. सोयरीक जुळवायला न्यायला छान हाय." चार गुण. मग ख कडे वळले. चारही दारं उघडली. मागच्या सीट दुमडल्या, चपला काढल्या आणि आत चक्क आडवे झाले. तिथूनच ओरडले, "ओ ताई, ही कडी हाताला लागती. गोल करा म्हणावं. आन् ह्ये मागचं झाकण असं वर गेल्यावर आमच्या मंडळींचा हात पोचायचा कसा?" खाली उतरले, झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. कशी वाटली विचारल्यावर म्हणाले, "बरी हाय." दोन गुण, आणि दोन तक्रारी.

दुसरे नारायण पेठेतले निवृत्त मुख्याध्यापक. ते ख च्या खाली वाकून बघत होते.

"स्टेपनी खाली? म्हणजे पावसात पंक्चर झालं की मी चिखलात झोपायचं? माझं वय काय, माझी कंबर काय!"

"सर, गाडी एकूण कशी वाटली?"

"बरी आहे."

"आणि ती मोठी?"

"छान आहे की. ज्यांना घ्यायचीय त्यांनी जरूर घ्यावी."

दोन आणि चार. असेच आकडे दिवसभर जमत गेले, आणि आमच्या सॉफ्टवेअरने ख वरच्या सगळ्या तक्रारी लाल रंगात एका बाजूला काढून ठेवल्या. क च्या बाजूला काहीच नव्हतं. कोणी त्या गाडीची कडीसुद्धा गोल करायला सांगितली नव्हती.

वाक्य वाचलं त्या दुपारी मी नम्रताबरोबर जेवत होते. नम्रता अमरावतीची, कार्यालयात तिनेही प्रश्न विचारले होते. विमाननगरला ललिताकाकूंकडे ती पेइंग गेस्ट राहते. त्या दिवशी तिच्या डब्यात पोळी आणि मेसची पातळ भाजी होती.

"सांबारवड्या नाही केल्यास?" मी विचारलं. नम्रता कोथिंबिरीला सांबार म्हणते, आणि तिच्या त्या वड्यांसाठी मी माझा डबा तिला द्यायला तयार असते.

"काकूंकडे नाही करत मी आता."

"का?"

"अगं, एवढा जीव टाकून केल्या, गरमगरम नेऊन दिल्या. तर काकू एक खाऊन म्हणतात, 'बऱ्या झाल्यात.' बऱ्या! आमच्याकडे बरी म्हणजे ताप उतरला की माणूस बरा होते ते. मी खोलीत जाऊन रडली. आणि काल काय म्हणतात? 'नम्रता, त्या वड्या पुन्हा केल्या नाहीस गं. आमच्या भिशीला करशील का, जरा जास्त?'"

मी घास हातात धरून बसले.

"काय झालं?" नम्रता म्हणाली. "तुमच्या पुण्यात माणूस खूश झाला हे ओळखायचं तरी कसं? काही मीटर मिळते का त्याचा?"

"नाही ना," मी म्हणाले. "आम्ही चुकीचा मीटर लावलाय."

आमोदला मी त्याच्या जागेवर गाठलं. तो फोनवर होता, तरी थांबले नाही.

"आमोद, तू सदाशिव पेठेतला ना?"

"हो. का?"

"तुमच्या घरी कधी कोणी कुणाच्या वस्तूला मनापासून 'छान' म्हणालंय?"

त्याने फोन ठेवला. मी सगळं सांगितलं: कोंडीराम, मुख्याध्यापक, सांबारवड्या. जिथे घ्यायचं नाही तिथे पुण्याचा माणूस 'छान' म्हणून बाजूला होतो. जिथे मन बसलंय तिथे कडीचा कोपरा आणि स्टेपनीची जागा काढतो, आणि शेवटी 'बरी आहे' म्हणतो. आम्ही नकाराला चार गुण दिले आणि पसंतीला दोन. दिल्लीच्या माणसाला हे कळणार नाही. पण मंजूर करणारा सदाशिव पेठेतला होता.

आमोद हसला. "भारी आहे हे. व्हॉट्सॲपवर टाक, फिरेल. पण हा किस्सा झाला, ओवी. डेटा आण."

तो बरोबर बोलत होता, म्हणून मला जास्तच राग आला. एका डब्यातल्या वड्यांवरून मी गाड्यांचं भवितव्य ठरवू शकत नव्हते. पण डेटा कसा आणायचा हे मला माहीत होतं. प्रयोगशाळेत नवा काटा आला की आधी त्यावर माहीत असलेलं वजन ठेवायचं. एक किलो ठेवल्यावर काटा अर्धा किलो दाखवत असेल, तर दोष वजनाचा नाही. आमच्या काट्यावर असं वजन कोणी ठेवलंच नव्हतं. ते वजन म्हणजे अशी गाडी, जी त्या माणसाला आवडते हे आधीच ठाऊक आहे. आणि अशी गाडी प्रत्येकाच्या दारात उभी होती.

नम्रता आणि मी फोन घेऊन बसलो. कार्यालयात आलेल्यांपैकी जे उचलतील त्यांना विचारायचं: तुमची सध्याची गाडी कशी आहे? मग मध्ये टायर, सर्व्हिसिंग असं काहीबाही. मग: हीच गाडी आज नवी मिळाली तर पुन्हा घ्याल? आणि शेवटी: नात्यात कोणी हल्ली गाडी घेतलीय? ती कशी आहे?

"माझी?" मुख्याध्यापक म्हणाले. "बरी आहे. चौदा वर्षं वापरतोय."

"पुन्हा घ्याल, सर?"

"कंपनीने बंद केली हो ती. नाहीतर तुमच्या त्या कार्यालयात कशाला आलो असतो? उपमासुद्धा गार होता."

"नात्यात कोणी नवी घेतलीय का?"

"धाकट्या जावयाने घेतलीय. छान आहे."

"तशी तुम्ही घ्याल का?"

"मी? मला काय झालंय?"

कोथरूडच्या एक बाई म्हणाल्या, "बरी आहे की आमची गाडी. का हो? काही निघालंय का तिच्यात? कंपनीने परत मागवलीय का?" बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेले एक जण म्हणाले, "बरी आहे. विकायची नाहीये. फोन कशासाठी केलाय तेवढं सांगा." पुन्हा घ्याल का विचारलं तर त्यांनी असा आवाज काढला, जणू मी त्यांच्या बायकोबद्दल काही विचारलं होतं.

शेजारच्या टेबलावर नम्रता यवतमाळच्या एका मुलाशी बोलत होती, आणि त्याचा आवाज मला फोनबाहेर ऐकू येत होता: "एकदम छान आहे ना मॅडम! पुन्हा हीच घेईन!"

म्हणजे काटे दोन होते. बाहेरून आलेल्यांसाठी छान म्हणजे छानच. जुन्या पुणेकरांमध्ये, जे आपली गाडी पुन्हा घ्यायला तयार होते त्यांतले बहुतेक तिला 'बरी' म्हणत होते, आणि 'छान' हा शब्द जवळजवळ फक्त जावयांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांना मिळत होता. तो काटा दुरुस्त करून मी पुन्हा आकडे मांडले. बाहेरच्यांमध्ये दोन्ही गाड्या जवळपास बरोबरीत राहिल्या. पुणेकरांमध्ये ख इतकी पुढे गेली की मला माझाच संशय आला आणि मी सगळं पुन्हा केलं. तेच आलं. ज्यांनी फोन उचलला नाही त्यांच्याबद्दल आपल्याला काही माहीत नाही, हेही मी लिहिलं. लपवायला माझ्याकडे काही नव्हतं.

आमोदने ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"बारावीला मी बोर्डात आलो होतो," तो म्हणाला. "पेपरात फोटो आला. बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, 'बरे मिळालेत.' आई सांगते, मग आत जाऊन डोळे पुसले त्यांनी."

"मग?"

"मग काय? बरोबर आहे तुझं. मीटिंगमध्ये शेवटची पाच मिनिटं तुला. दाखव."

मी त्याचे आभार मानले. तेही मनापासून.

मीटिंग भीमथडीच्या हडपसरच्या कारखान्यात होती. लांब टेबल, भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो, चहा कपबशीतून. टेबलाच्या एका टोकाला श्रीनिवास सर. कुठली गाडी काढायची हे ठरवणारे ते. कंपनीतच केस पांढरे झालेले, शनिवार पेठेत राहणारे. दुसऱ्या टोकाला श्यामलाताई, त्याच बुटांत. प्रत्येकासमोर छापलेला रिपोर्ट ठेवला होता. मी शेवटचं पान उघडलं.

'पुण्यातील ग्राहकांनी ख हे मॉडेल स्पष्टपणे नाकारले आहे.' खाली माझं नाव.

मी आमोदकडे बघितलं. तो चहाकडे बघत होता. त्याला कळलं नव्हतं असं नाही, हे मला कळलं. त्याला सगळं कळलं होतं. त्याने मला वडिलांची गोष्ट सांगितली आणि मग जाऊन हे छापायला दिलं.

पाच मिनिटं मिळाली तेव्हा मी उभी राहिले. आवाज सरळ ठेवला. दोन काटे दाखवले, वजन दाखवलं, दुरुस्त केलेले आकडे दाखवले. जावयाची गाडी आली तेव्हा टेबलाभोवती लोक हसले. सगळे पुण्याचेच होते. कोणीतरी म्हणालं, "आमचे सासरे अगदी असेच." श्यामलाताई हसल्या नाहीत. त्या पडद्यावरच्या ख च्या आकड्याकडे बघत होत्या.

मी थांबले. श्रीनिवास सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"छान," ते म्हणाले. "फारच छान काम केलंय तुम्ही."

ते काय बोलले हे त्यांच्यासकट सगळ्यांना समजलं.

"म्हणजे नाही," मी म्हणाले.

"ओवी," आमोद म्हणाला.

"नाही, त्यांना बोलू दे," श्रीनिवास सर म्हणाले. त्यांना राग आलेला नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. "हे बघा. तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाहीये. डबा पुण्यात चालेल हे मलाही दिसतंय, मी काय आंधळा आहे? पण आम्हाला पैसे देणारे मुंबईत बसतात. त्यांच्यापुढे दोन गाड्यांचे फोटो ठेवले. त्यांनी एकाच फोटोकडे बघितलं. क साठी पैसे येतात, ख साठी येत नाहीत. विषय संपला."

"मग लोकांना कशाला विचारलंत?"

"असं कसं? लोकांना न विचारता गाडी ठरवायची?"

"ठरवून झाल्यावर विचारलंत, सर."

श्यामलाताईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"अहो श्रीनिवास, गाडी बंद करा. तुमचा अधिकार आहे, माझी हरकत नाही. पण लोकांनी नाकारली असं लिहू नका. लोकांनी नाही नाकारली. तुम्ही नाकारलीत. तसं लिहा."

"श्यामलाताई, कागदावर काहीतरी कारण लागतं."

"आहे की कारण. फोटो."

"तुम्ही मनाला लावून घेताय."

"कुठे लावू मग?" त्या म्हणाल्या. "माणसांनी माझ्या गाडीत झोपून बघितलं. कडी गोल करा म्हणाले. त्यांच्या तोंडी 'नको' घालताय तुम्ही."

श्रीनिवास सरांनी रिपोर्ट मिटला. मी माझा उघडाच ठेवला होता.

"हे वाक्य काढा," मी म्हणाले.

"आपण बाहेर बोलू," आमोद म्हणाला.

"बाहेर कशाला? माझं नाव आत आहे."

"नाव ना?" श्रीनिवास सर आमोदकडे वळले. "त्यांचं नाव काढून टाका, म्हणजे झालं."

"काढतो, सर," आमोद लगेच म्हणाला. "तिथे 'टीम' टाकू."

"मी नाव काढा म्हटलेलं नाही. नाव राहू दे. वाक्य खोटं आहे, ते काढा."

श्रीनिवास सरांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे बघितलं. शाळेतल्या हुशार मुलीकडे बघावं तसं, आणि मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"नाव काढणं सोपं असतं हो," ते म्हणाले. "वाक्य मुंबईला जाऊन पोचलंय. काल रात्रीच पाठवलं आमोदने."

त्यानंतर ते डीलर, जाहिरात, दिवाळीच्या मुहूर्तावर क बाजारात आणायची असं बोलू लागले. मी माझा लॅपटॉप मिटला. आमोद जवळ येऊन हळूच म्हणाला, "समजून घे. हे गिऱ्हाईक गेलं तर आपण दोघंही जातो. तुझं काम खरंच अप्रतिम होतं."

"पाच गुण," मी म्हणाले. "तुझ्या बाबांना सांग."

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

खाली उतरले तर श्यामलाताई जिन्याशी उभ्या होत्या. "जरा इकडे या," म्हणाल्या आणि इमारतीच्या मागे चालू लागल्या. तिथल्या आवारात कार्यालयातून परत आलेल्या दोन्ही गाड्या उभ्या होत्या. क वर कव्हर घातलं होतं. ख उघडीच होती. नाकावरची काळी चिकटपट्टी उन्हाने सुटून लोंबत होती.

"नमुन्याची गाडी रस्त्यावर जाऊ देत नाहीत," त्या म्हणाल्या. "जी बाजारात आणायची नाही ती प्रेसखाली घालून चेपतात. हिला सोमवारी." त्यांनी किल्ली पुढे केली. "बसतेस?"

त्यांनी मला 'तुम्ही' म्हणायचं सोडलं होतं. मी चालकाच्या जागेवर बसले, त्या शेजारी बसल्या. कार्यालयात मी लोकांना या गाडीत बसवलं होतं. स्वतः कधी बसले नव्हते, नियम होता. काच मोठी होती. समोरचा रस्ता जवळ दिसत होता. उंच माणसाच्या खांद्यावर बसल्यासारखं काही नव्हतं. आपल्या जागेवर बसल्यासारखं होतं.

"कशी आहे?" श्यामलाताईंनी विचारलं.

मी हात फिरवून बघत होते.

"हे काचेचं बटण गुडघ्याला लागतं," मी म्हणाले.

"कुठल्या?"

"उजव्या. आणि या कप्प्यात पाण्याची बाटली उभी राहत नाही."

"पुढे?"

"सीटचा हा दांडा ओढायला जोर लागतो. माझ्या आईला जमणार नाही. आणि मुख्याध्यापक म्हणाले ते खरंय, स्टेपनी आत पाहिजे."

"त्यावर दोन वर्षं भांडलेय मी. आत घेतली की सातवा माणूस जातो. पुढे बोल."

मी बोलत गेले. वायपरचा हात कुठे थांबतो, मागच्या काचेतून काय दिसत नाही, दारं लावताना आवाज कुठून येतो. त्या प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होत्या; कशावर तरी चिडत होत्या, कशाला तरी मान डोलवत होत्या. सोमवारी मोडून पडणाऱ्या गाडीची आम्ही दोघी दुरुस्ती करत बसलो होतो, आणि माझा राग कमी होण्याऐवजी प्रत्येक तक्रारीबरोबर वाढत चालला होता, कारण हिच्यात जे काही चुकलं होतं ते सगळं सुधारता आलं असतं.

"हॉर्न?" त्यांनी विचारलं.

मी दाबला. बारीक, सभ्य आवाज आला.

"फारच शिस्तीचा आहे," मी म्हणाले. "सिंहगड रोडला कोणी हलणार नाही याने."

"नीट दाबलाच नाहीस."

वर दुसऱ्या मजल्यावर त्या लांब टेबलाच्या खोलीची खिडकी होती. दिवाळीच्या मुहूर्ताचं बोलणं अजून चालू असणार. मी हॉर्नवर दोन्ही तळहात ठेवले आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. या वेळी आवाज मोठा आला, जाड, अखंड. मी सोडला नाही. आवारातला वॉचमन धावत निघाला आणि श्यामलाताईंना बघून जागीच थांबला. खिडकीत आधी आमोद आला. मग कोणी दुसरं. मग श्रीनिवास सर, हातात कप घेऊन. त्यांनी हाताने खूण केली, पुरे.

श्यामलाताईंनी आपल्या बाजूची काच खाली केली, आवाज नीट वर जावा म्हणून.

"अजून," त्या म्हणाल्या.